दूरस्थ आज्ञा आणि अलियस : एक विवेचन

दूरच्या संगणकावर सुरक्षित जोडणीने काम करणाऱ्याला केव्हा ना केव्हा एक लहानसे कोडे पडते. त्या संगणकावर रीतसर लॉगिन करून ‘एलएल’ ही दोन अक्षरे टंकली की फायलींची सविस्तर यादी पडद्यावर येते. तेच काम लॉगिन न करता, स्वतःच्या संगणकावरून एका ओळीत उरकावे म्हणून

एसएसएच गणक एलएल

अशी आज्ञा दिली, की उत्तर मिळते : अशी आज्ञा सापडत नाही. (‘गणक’ हे दूरस्थ संगणकाचे मानलेले नाव असून आज्ञा त्यांच्या उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत.) संगणक तोच, वापरकर्ता तोच, प्रवेशाची किल्लीही तीच. असे असता एका वाटेने गेल्यास ओळखीचा असणारा शब्द दुसऱ्या वाटेने गेल्यास अनोळखी का ठरावा?

एलएलच्या बाबतीत हानी काहीच होत नाही. फार तर दोन मिनिटे वाया जातात. परंतु ज्या कारणाने हे घडते त्याच कारणाने दुसरीही एक गोष्ट घडते, आणि ती इतकी निरुपद्रवी नाही. रेड हॅट घराण्यातील लिनक्स प्रणालींच्या अनेक आवृत्त्यांत रूट ह्या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या आरंभीच्या फाइलीत आरएम, सीपी व एमव्ही ह्या तीन आज्ञांना, ‘आधी विचारा, मग करा’ असा अर्थ असलेला -आय हा पर्याय अलियसच्या द्वारे जोडून दिलेला आढळतो. कित्येक विद्यार्थी हीच सोय आपापल्या खात्यातही करून घेतात. फाइल पुसण्यापूर्वी संगणक विचारतो, ह्याची मग हाताला सवय होते. आणि एके दिवशी तोच विद्यार्थी आपल्या टेबलावरून ‘एसएसएच गणक आरएम’ असे लिहून पुढे फायलींची नावे देतो. संगणक काहीही विचारीत नाही. फायली गेलेल्या असतात.

दोन्ही प्रसंगांत घडले ते एकच : अलियसचा विस्तार झाला नाही. मात्र एलएल नावाचा स्वतंत्र प्रोग्राम बहुधा नसतो, त्यामुळे तेथील अपयश बोलके असते. आरएम नावाचा प्रोग्राम असतोच. त्यामुळे तेथील अपयश मुके असते, यशाच्याच रूपाने ते समोर येते. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली उभारलेल्या ‘परम ब्रह्म’सारख्या महासंगणकावर काम करणारा संशोधक त्या यंत्रापाशी प्रत्यक्ष बसत नाही, त्याचा सारा व्यवहार अशा जोडणीतूनच चालतो, आणि पुष्कळदा तो हाताने न होता स्क्रिप्टमधून होतो. अशा संशोधकाने ह्या मुक्या अपयशाची कारणमीमांसा एकदा मुळापासून पाहून ठेवणे इष्ट होय.

अलियसचे स्वरूप

अलियस म्हणजे एका शब्दाला दिलेले उर्फ-नाव, असे सामान्यतः सांगितले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, पण अपुरे आहे. अलियस हा प्रोग्राम नव्हे; तो तबकडीवर कोठेही साठविलेला नसतो; पर्यावरणातील चलांप्रमाणे तो एका प्रक्रियेकडून तिच्या अपत्य-प्रक्रियेकडे वारशाने जात नाही. चालू असलेल्या एका विशिष्ट शेलच्या स्मृतीत ‘अमुक शब्द आला तर त्याच्या जागी तमुक मजकूर ठेवावा’ अशी एक नोंद असते, एवढेच त्याचे अस्तित्व. तो शेल संपला की नोंदही संपली.

ही मजकुराची अदलाबदल केव्हा होते, हा प्रश्न पुढील विवेचनात निर्णायक ठरणार आहे. शेल जेव्हा आज्ञेची ओळ वाचतो, तेव्हाच आज्ञेतील पहिला शब्द अलियस आहे काय हे तो पाहतो आणि असल्यास तेथल्या तेथे मजकूर बदलतो. आज्ञा अमलात आणण्याची वेळ त्यानंतरची असते. म्हणजे अलियस हा वाचनकालीन संस्कार आहे, कृतिकालीन नव्हे. तो पहिल्या शब्दापुरता मर्यादित असल्यामुळे ‘एसएसएच गणक एलएल’ ह्या ओळीतील एलएल ह्या शब्दाकडे स्थानिक शेलही अलियस म्हणून पाहत नाही. त्याच्या दृष्टीने पहिला शब्द एसएसएच हा आहे, आणि उरलेले शब्द ही त्याला पुरविलेली सामग्री. स्थानिक संगणकावरचा अलियस येथे उपयोगी पडेल अशी आशा कोणी बाळगली असल्यास ती अशा रीतीने आरंभीच मावळते.

अलियसची कल्पना युनिक्सच्या जगात रुजली ती मुख्यतः सी-शेलमुळे. हा शेल बिल जॉय ह्यांनी बर्कली येथे लिहिला आणि १९७९ साली बर्कली वितरणाच्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर तो बाहेर पडला. त्याच वर्षी युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आलेल्या स्टीफन बोर्न ह्यांच्या शेलमध्ये अलियस नव्हते. पुढे डेव्हिड कॉर्न ह्यांच्या शेलने ती सोय बोर्न परंपरेत आणली, आणि ब्रायन फॉक्स ह्यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेल्या व १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या बॅशने ती स्वीकारली. स्वीकारताना एक अट मात्र घातली गेली, आणि आजचे कोडे त्या अटीतून जन्मास आले आहे. तिचा विचार पुढे येईलच.

दोन दरवाजे

सुरक्षित जोडणीचा हा प्रोटोकॉल टाटू युलोनेन ह्यांनी १९९५ साली हेलसिंकी तंत्रविद्यापीठात असताना रचला. विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी गुप्तपणे परवलीचे शब्द टिपीत असल्याचे उघडकीस आले होते, हे त्याचे तात्कालिक निमित्त. त्यापूर्वी दूरस्थ कामासाठी बर्कली युनिक्सच्या १९८३ सालच्या ४.२ आवृत्तीतून आलेली साधने सर्रास वापरात होती : दूरच्या संगणकावर बसल्यासारखे काम करण्यासाठी आरलॉगिन, आणि एखादीच आज्ञा पाठविण्यासाठी आरएसएच. ह्या साधनांतून जाणारा मजकूर उघडा जात असे. युलोनेन ह्यांच्या साधनाने तो गुप्त केला; परंतु वापरण्याची रीत जाणूनबुजून जुनीच ठेवली, कारण जुन्या साधनांच्या जागी ते अलगद बसावे असा हेतू होता. १९९९ साली ओपनबीएसडी प्रणालीच्या २.६ आवृत्तीबरोबर आलेल्या ओपनएसएसएचनेही तोच वारसा चालविला.

ह्या वारशात दोन दरवाजे आले. जानेवारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४२५४ क्रमांकाच्या आरएफसीमध्ये, म्हणजे प्रोटोकॉलच्या त्या अधिकृत दस्तऐवजात, हे दोन दरवाजे दोन वेगळ्या मागण्यांच्या रूपाने नोंदलेले आहेत. एका मागणीचे नाव ‘शेल’ : वापरकर्त्याचा लॉगिन शेल सुरू करावा आणि त्याच्याशी संवाद करू द्यावा. दुसरीचे नाव ‘एक्झेक’ : सोबत दिलेली एक आज्ञा चालवावी आणि काम संपताच जोडणी बंद करावी. ‘एसएसएच गणक’ एवढेच लिहिले की पहिली मागणी जाते, आणि तिच्याबरोबर आभासी टर्मिनलचीही मागणी जाते. त्यापुढे आज्ञा लिहिली की दुसरी मागणी जाते. टर्मिनल आपण होऊन मागितले जात नाही. दूरस्थ संगणकावरील सेवा-प्रोग्राम ह्या दुसऱ्या मागणीच्या वेळी वापरकर्त्याचा नेमलेला शेल -सी ह्या पर्यायासह सुरू करतो आणि आलेली आज्ञा एक सलग मजकूर म्हणून त्याच्या हाती देतो.

तात्पर्य, दोन्ही वाटांच्या शेवटी शेलच असतो, पण तो एकाच मनःस्थितीत नसतो. समोर मनुष्य बसला आहे असे समजून वागणारा शेल तो संवादी. कोणीतरी लिहून दिलेले काम यंत्रवत पार पाडणारा तो असंवादी. बॅशची कसोटी अशी आहे : -आय हा पर्याय स्पष्टपणे दिला असेल, किंवा -सी न देता, चालवावयाच्या फाइलीचे नावही न देता शेल सुरू केला असून त्याचा प्रमाण आदान-प्रवाह व त्रुटी-प्रवाह हे दोन्ही टर्मिनलला जोडलेले असतील, तरच तो शेल संवादी. दूरस्थ आज्ञेत -सी असतेच. तेव्हा तो शेल असंवादी ठरणार हे उघड आहे.

दोन अडसर

असंवादी बॅशमध्ये अलियसच्या मार्गात एक नव्हे, दोन अडसर असतात. त्यांपैकी एकच दूर करून समाधान मानले जाते, म्हणूनच बहुतेक प्रयत्न फसतात.

पहिला अडसर व्याख्येचा. अलियसच्या व्याख्या सामान्यतः वापरकर्त्याच्या गृहनिर्देशिकेतील बॅशआरसी ह्या फाइलीत लिहिलेल्या असतात, आणि ती फाइल संवादी शेलसाठी आहे. असंवादी बॅशने ती वाचण्याचे एरवी कारण नाही. परंतु बॅशमध्ये एक अपवाद आहे. आपण जाळ्यावरून, आरएसएच किंवा एसएसएच सेवेमार्फत, सुरू झालो आहोत असे त्याला आढळले तर असंवादी असतानाही तो बॅशआरसी वाचतो. (बॅशची ती प्रत कोणत्या पर्यायांनी बांधली आहे, ह्यावरही हे काही अंशी अवलंबून असते.) ह्या अपवादाने पहिला अडसर गळून पडावा, पण डेबियन व उबुंटू ह्या प्रणाली जी बॅशआरसी नव्या वापरकर्त्यास देतात, तिच्या आरंभीच एक पहारा बसविलेला असतो : शेल संवादी नसेल तर येथूनच परत फिरावे. त्यामुळे फाइल उघडली जाते, पण अलियसच्या ओळींपर्यंत वाचन पोहोचतच नाही.

हा पहारा उगाच बसविलेला नाही. बॅशआरसीत एखाद्याने हौसेने स्वागताचा संदेश छापण्याची ओळ घातली, तर तो संदेश दूरस्थ आज्ञेच्या उत्तरात मिसळतो. फायलींची ने-आण करणारी एसएफटीपी सेवाही वापरकर्त्याच्या शेलमार्फतच सुरू होते, आणि तिच्या संदेशातील पहिली चार बाइट ही लांबीची संख्या मानली जातात. रोमन लिपीत ‘वेलकम’ हा शब्द छापला गेल्यास त्याची पहिली चार अक्षरे संख्या म्हणून वाचली जातात, आणि पलीकडचा प्रोग्राम १,४६,६२,६४,६७५ बाइटांचा संदेश आल्याचे समजून ‘संदेश फार लांब आहे’ अशी तक्रार करून थांबतो. ज्याने ही तक्रार कधी वाचली असेल, त्याला त्या विलक्षण संख्येचा उगम एका नमस्कारात असेल असे बहुधा वाटले नसेल.

दुसरा अडसर विस्ताराचा, आणि वर उल्लेखिलेली अट ती हीच. असंवादी बॅश अलियसचा विस्तार करीतच नाही. एक्सपँड-अलियसेस ही निवड शॉप्ट ह्या आज्ञेने मुद्दाम चालू केली तरच करतो. व्याख्या स्मृतीत असली तरी तिच्याकडे पाहिले जात नाही. ज्या संगणकावर बॅशआरसीला पहारा नाही तेथे ‘एसएसएच गणक अलियस’ ही आज्ञा दिली असता सर्व अलियसची यादी व्यवस्थित छापली जाते, आणि लगेच ‘एसएसएच गणक एलएल’ म्हटले तर एलएल सापडत नाही! शोध घेणारा येथे हमखास चकतो. यादीत नाव दिसणे आणि त्या नावाला प्रतिसाद मिळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्याच्या ध्यानात आलेले नसते.

प्रचलित उपाय आणि त्यांचे दोष

सर्वांत आधी सुचविला जाणारा उपाय म्हणजे एसएसएचला -टी हा पर्याय देऊन दूरस्थ बाजूस आभासी टर्मिनल मागविणे. टर्मिनल आले म्हणजे शेल संवादी होईल, असा त्यामागील तर्क. परंतु वर दिलेली कसोटी पाहता तो टिकत नाही : -सी हा पर्याय तसाच आहे, आणि तो असताना केवळ टर्मिनलच्या उपस्थितीने शेल संवादी होत नाही. लॉगिन शेल मागण्याचा, म्हणजे ‘बॅश -एल -सी’ असे लिहिण्याचा उपायही ह्याच जातीचा. लॉगिन असणे आणि संवादी असणे हे दोन स्वतंत्र गुण आहेत. पहिल्याने कोणत्या फायली वाचल्या जातात ते बदलते, अलियसच्या विस्तारावरील बंदी उठत नाही.

दुसरा उपाय अधिक मर्मज्ञ दिसतो. दूरस्थ आज्ञेतच आधी शॉप्टने विस्तार चालू करावा, मग अलियसची फाइल वाचावी, मग एलएल म्हणावे. हे तिन्ही अर्धविरामांनी जोडून एका ओळीत पाठवावे. दोन्ही अडसर दूर केल्यासारखे वाटते, तरीही एलएल सापडत नाही. ह्या ठिकाणी अलियसचे वाचनकालीन स्वरूप पुन्हा आठवले पाहिजे. बॅश निदान एक पूर्ण ओळ वाचून घेतो आणि मगच तिच्यातील पहिली आज्ञा चालवितो. एलएल हा शब्द वाचला गेला त्या क्षणी शॉप्ट अमलात आलेले नव्हते, व्याख्याही झालेली नव्हती; आणि त्या दोन्ही झाल्या तेव्हा एलएलचे वाचन होऊन गेलेले होते. औषध बरोबर, वेळ चुकलेली. त्याच तीन आज्ञा अर्धविरामांऐवजी तीन वेगळ्या ओळींत पाठविल्या तर काम होते, कारण तिसरी ओळ वाचण्यापूर्वी पहिल्या दोन अमलात आलेल्या असतात. ओळ एकच ठेवावयाची असल्यास शेवटी एलएलच्या आधी इव्हॅल लिहावे. इव्हॅल दिलेला मजकूर चालविण्याच्या वेळी पुन्हा नव्याने वाचतो, आणि त्या दुसऱ्या वाचनात अलियस सापडतो.

तिसरा उपाय सर्वांत जास्त वापरला जातो, आणि तो चालतोही :

एसएसएच गणक बॅश -आयसी एलएल

येथे दूरस्थ शेलला आणखी एक बॅश सुरू करण्यास सांगितले आहे आणि -आय देऊन त्याला संवादी मानावयास लावले आहे. त्यामुळे बॅशआरसीतील पहारा वाट देतो, व्याख्या होतात, विस्तारही चालू असतो. मात्र हा संवादीपणाचा आव आहे. टर्मिनल नसताना संवादी म्हणविणारा बॅश, टर्मिनलवर ताबा मिळत नाही आणि कार्यनियंत्रण उपलब्ध नाही, अशा दोन सूचना त्रुटी-प्रवाहात छापतो. त्या नकोत म्हणून -टी जोडले, तर प्रमाण-प्रवाह व त्रुटी-प्रवाह एकाच टर्मिनलमध्ये मिसळतात आणि ओळीच्या शेवटी एक जादा चिन्ह येऊ लागते. डोळ्यांनी वाचावयाच्या यादीला ह्याने काही बाधा येत नाही. पण दूरस्थ संगणकावरून एखादा टार संग्रह ह्याच नळातून ओढून आणावयाचा असेल, तर तो बिघडलेला येईल.

ह्या उपायात आणखी एक खाच आहे आणि ती अधिक फसवी आहे. ‘निकाल’ नावाच्या निर्देशिकेतील यादी हवी म्हणून

एसएसएच गणक बॅश -आयसी 'एलएल निकाल'

असे लिहिले, तर यादी येते, पण ती निकालची नसून गृहनिर्देशिकेची असते. कारण असे : अवतरणचिन्हे स्थानिक शेलने वाचली आणि काढून टाकली. एसएसएचने आपल्याला मिळालेले शब्द मध्ये एकेक मोकळी जागा सोडून जोडले आणि तो सलग मजकूर पलीकडे पाठविला. पलीकडच्या शेलने तो नव्याने शब्दांत तोडला. आता -आयसीच्या पुढे आज्ञा म्हणून एलएल हा एकच शब्द उरतो. ‘निकाल’ हा त्यापुढील शब्द शेलच्या स्वतःच्या नावाच्या जागी जाऊन बसतो आणि कोणाच्याही उपयोगी पडत नाही. दोन वाचने होणार असतील तर अवतरणाचेही दोन थर हवेत :

एसएसएच गणक "बॅश -आयसी 'एलएल निकाल'"

ह्याच दुहेरी वाचनामुळे, अवतरणचिन्हे न लावता तारकाचिन्हासह पाठविलेल्या आज्ञेतील तारकेचा विस्तार आधी स्थानिक निर्देशिकेतील नावांनी होतो. तेथे जुळणारी नावे असली, तर तीच दूरस्थ संगणकाकडे जातात. पुसण्याच्या आज्ञेत अशी चूक कोणत्या थराला जाऊ शकते हे विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

आता आरएमकडे पुन्हा वळता येईल. दूरस्थ आज्ञेत त्याचा -आय हा पर्याय गळून पडतो, हे दिसलेच. पण त्याबरोबर आणखीही एक संरक्षण हरपते, आणि त्याचा अलियसशी काही संबंध नाही. ज्या फाइलीवर लिहिण्याची मुभा नाही ती पुसावयास सांगितली असता आरएम स्वतःहून एकदा विचारतो. परंतु त्याचा आदान-प्रवाह टर्मिनलला जोडलेला असेल तरच. एक्झेकच्या वाटेने गेलेल्या आज्ञेला टर्मिनल नसते, म्हणून तो येथेही गप्प राहतो. निर्देशिकेवर अधिकार असला की फाइल जाते. केवळ-वाचनीय करून ठेवलेल्या मोजमापांच्या मूळ फायली सुरक्षित आहेत असे समजणाऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. एलएस ही आज्ञादेखील अशीच वागते : टर्मिनलवर ती नावे स्तंभांत मांडते, दूरस्थ आज्ञेत एका ओळीत एकच नाव देते. समोर कोण आहे हे पाहून वागण्याची रीत युनिक्सच्या अनेक प्रोग्रामांत मुरलेली आहे. अलियसचे वर्तन हा त्याच रीतीचा एक आविष्कार होय.

इतर शेलांविषयी थोडेसे

वरील विवेचन बॅशपुरते आहे. सी-शेल आपली आरंभीची सीएसएचआरसी फाइल संवादी असो वा नसो, वाचतोच, आणि अलियसचा विस्तारही करतो; त्यामुळे त्या शेलवर वाढलेल्या पिढीला हे कोडे पडण्याचे कारणच नव्हते. पॉल फालस्टॅड ह्यांनी १९९० साली लिहिलेल्या झी-शेलमध्ये विस्तार नेहमी चालू असतो, पण झेडएसएचआरसी ही फाइल मात्र संवादी शेलच वाचतो. म्हणून अलियस झेडएसएचएन्व्ह ह्या, सदैव वाचल्या जाणाऱ्या फाइलीत ठेवला तर दूरस्थ आज्ञेत तो चालतो. बॅशलाही पॉझिक्स मानकाप्रमाणे वागण्यास सांगितले तर तो असंवादी स्थितीत विस्तार करू लागतो. एकाच प्रयोगशाळेत दोन संगणकांवर दोन शेल असल्यास एकाच आज्ञेचे दोन निकाल का मिळतात, ह्याचा उलगडा ह्यावरून व्हावा.

अलियसऐवजी काय

दूरस्थ संगणकाकडून वारंवार करून घ्यावयाच्या कामासाठी अलियसचा आग्रह सोडणेच श्रेयस्कर. शेलमधील फंक्शन असंवादी स्थितीतही चालते, ते कृतिकालीन असल्यामुळे एकाच ओळीत व्याख्या करून वापरता येते, आणि त्याला प्राचल देता येतात, जे बॅशच्या अलियसला धडपणे जमत नाही. स्थानिक शेलमधील फंक्शनचा मजकूर ‘डिक्लेअर -एफ’ ह्या आज्ञेने मिळवून तो दूरस्थ आज्ञेच्या आरंभी जोडून पाठविण्याची युक्ती पुष्कळांना उपयोगी वाटते. आज्ञांची संख्या मोठी असल्यास त्या स्थानिक फाइलीत लिहून ‘एसएसएच गणक बॅश -एस’ ह्या आज्ञेच्या आदान-प्रवाहात ती फाइल सोडावी. येथे बॅश ओळीमागून ओळ वाचतो, म्हणून पहिल्या ओळीत शॉप्ट, दुसरीत व्याख्या आणि तिसरीत अलियसचा वापर, हा क्रमही चालतो. फक्त त्यांपैकी एखादी आज्ञा स्वतः आदान-प्रवाहातून वाचणारी नसावी. असल्यास ती उरलेली स्क्रिप्टच गिळून टाकते, आणि पुढील ओळी कोठे गेल्या ह्याचा शोध घेत बसावे लागते.

सर्वांत भरवशाची ती लहानशी स्वतंत्र स्क्रिप्ट. गृहनिर्देशिकेतील ‘बिन’ ह्या उपनिर्देशिकेत ती ठेवून तिला चालविण्याचा अधिकार दिला म्हणजे तिला स्वतःचे, तबकडीवरचे अस्तित्व मिळते. कोणत्याही शेलला, कोणत्याही स्थितीत ती सापडू शकते. परंतु नुसत्या नावाने ती सापडेलच असे मात्र नाही. डेबियन-उबुंटूवर ‘बिन’ ही निर्देशिका शोधमार्गात घालण्याचे काम प्रोफाइल ही फाइल करते, आणि ती लॉगिन शेलच वाचतो. एक्झेकच्या वाटेवर ती वाचली जात नाही. ह्यावर तोड सोपी आहे. दूरस्थ आज्ञेचा आरंभ गृहनिर्देशिकेतच होत असल्यामुळे

एसएसएच गणक बिन/यादी

एवढे लिहिले तरी पुरते. पुसण्याच्या कामासाठी तर अशी स्क्रिप्टच असावी, आणि आरएमला द्यावयाचा -आय हा पर्याय तिच्या मजकुरात स्पष्टपणे लिहिलेला असावा. प्रश्नाला उत्तर देण्यास समोर मनुष्य नसणार असेल, तर फायली न पुसता दुसऱ्या निर्देशिकेत हलविण्याची योजना त्या स्क्रिप्टमध्ये करता येते.

एखाद्या नावाचा दूरस्थ आज्ञेत प्रत्यक्ष अर्थ काय होईल ह्याविषयी शंका असल्यास अलियसच्या यादीवर विसंबू नये. ती दिशाभूल करते हे वर आलेच आहे. टाइप ही आज्ञा अधिक प्रामाणिक आहे, कारण विस्तार बंद असताना बॅशमधील टाइप अलियसची दखल घेत नाही आणि खरोखर जे चालेल तेच सांगते.

एसएसएच गणक टाइप आरएम

ह्याला उत्तर म्हणून आरएम प्रोग्रामचा तबकडीवरील नुसता पत्ता आला, तर त्या वाटेवर आरएम काहीही विचारणार नाही. लॉगिन करून तोच प्रश्न विचारावा. तेथे आरएमला -आयसह अलियस आहे असे उत्तर येईल. दोन्ही उत्तरे एकाच संगणकाची असतात आणि दोन्ही खरी असतात.